कुत्रा पाहुण्यांच्या पायावर चढतो, तेव्हा काय करायचं

नर असो वा मादी, नसबंदी झालेली असो वा नसो, कुत्री चढतात, म्हणजे पुढच्या पायांनी धरून कंबर हलवतात. लहान पिल्लंही खेळता खेळता एकमेकांवर चढतात. यामागे कामेच्छाच असते असं नाही. पुष्कळदा अतिउत्साह, ताण किंवा नुसती सवय असते. ‘तो तुमच्यावर वर्चस्व गाजवतोय’ हे मात्र डोक्यातून काढून टाका. त्या समजुतीपायी लोक कुत्र्याला उलटं पाडून दाबून धरतात आणि चावा ओढवून घेतात.

ओरडणं, हसणं, हाताने ढकलणं, या सगळ्याचा त्याच्या लेखी अर्थ एकच: खेळ सुरू झाला. म्हणून पकडायचे ते चढण्याआधीचे दोन-चार सेकंद. पायाभोवती घुटमळणं, धापा टाकणं, मांडीवर हनुवटी टेकणं, मग हळूच एक पंजा पोटरीवर. एवढं दिसलं की शांतपणे हाक मारा, ‘बस’ सांगा आणि बसताक्षणी वाटाण्याएवढा खाऊ द्या. ‘बस’ आधी निवांत वेळी पक्कं झालेलं हवं (दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं), नाहीतर ऐन गडबडीत तो ढुंकूनही बघणार नाही.

पाहुणे यायच्या आधी हार्नेसला (छातीभोवती बांधतात त्या पट्ट्यांना) दीड-दोन मीटरचा हलका पट्टा लावा. हातात धरायचा फास कापून टाका, तो खुर्चीच्या पायात अडकतो. कुत्रा एकटा असताना पट्टा काढून ठेवायचा. तरीही चढलाच, तर अवाक्षर न बोलता पट्ट्याने बाजूला घ्या, अर्धा-एक मिनिट दाराआड ठेवा आणि परत आणा. पुन्हा चढला, पुन्हा तेच. जास्त वेळ कोंडलं तर शिक्षा कशाची हेच त्याला कळत नाही. पहिले काही दिवस चढणं उलट वाढू शकतं आणि नेमकी तिथेच माणसं कंटाळतात. घरातलं एक माणूस जरी हसून दाद देत असेल, तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

दुसऱ्या कुत्र्यावर चढला, खालचा गुरगुरला आणि हा उतरला, तर मध्ये पडू नका. खालचा शेपूट घालून दबलेला असेल किंवा हा ऐकतच नसेल, तर दोघांना वेगळं करा आणि दर दोन-तीन मिनिटांनी खेळ थांबवत चला. कधीमधी एखाद्या उशीवर चढत असेल तर खुशाल चढू द्या.

नसबंदीने नरांमध्ये बऱ्याचदा फरक पडतो, पण हमी नाही. मुरलेली सवय शस्त्रक्रियेने जात नाही. फरक दिसायलाही काही आठवडे लागतात.

चढणं अचानक सुरू झालं असेल, सोबत वारंवार लघवी, लघवीत रक्त किंवा सतत चाटणं असेल, तर शिकवणं बाजूला ठेवून आधी पशुवैद्याकडे जा. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा त्वचेची खाज असू शकते. नराचं लिंग बाहेरच राहून आत जात नसेल, तर उद्यावर ढकलू नका.