अमेरिकी अध्यक्षांच्या अधिकारांवर लिहिताना या चुका टाळा

अमेरिकेचे अध्यक्ष एखाद्या आदेशावर सही करतात आणि दुसऱ्या दिवशी मराठीत मथळा झळकतो : ‘अध्यक्षांनी अध्यादेश काढला’. या एका शब्दाने जेवढा घोटाळा केला आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याही शब्दाने केला नसेल. आपल्याकडे अध्यादेश म्हणजे संसदेचे अधिवेशन चालू नसताना राज्यघटनेच्या १२३व्या अनुच्छेदाखाली राष्ट्रपतींनी काढलेला, कायद्याइतकेच बळ असलेला आदेश. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तिची संमती मिळाली नाही, तर तो आपोआप संपुष्टात येतो. अमेरिकेच्या घटनेने अध्यक्षांना असा अधिकार दिलेलाच नाही. तिथला कार्यकारी आदेश हा मुख्यतः प्रशासनाला दिलेला हुकूम असतो, त्याला घटनेचा किंवा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेल्या कायद्याचा आधार लागतो आणि पुढचे अध्यक्ष तो एका सहीने रद्द करू शकतात. त्यामुळे असा मजकूर हाती आला की ‘हा आदेश कोणत्या कायद्याखाली काढला?’ हे आधी शोधावे.

हा आधार नसला तर काय होते, हे १९५२च्या पोलाद खटल्यात दिसते. कोरियन युद्ध चालू होते आणि पोलाद कामगारांचा संप काही तासांवर आला होता. ८ एप्रिलच्या रात्री हॅरी ट्रुमन यांनी वाणिज्यमंत्री चार्ल्स सॉयर यांना देशातले बहुतेक पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश दिला. वास्तविक टाफ्ट-हार्टली कायद्यानुसार न्यायालयाकडून संप ८० दिवस लांबणीवर टाकून घेण्याची वाट त्यांना मोकळी होती, पण ज्या कायद्यावर आपण १९४७मध्ये नकाराधिकार वापरला आणि जो काँग्रेसने तरीही संमत केला, त्याच कायद्याचा आसरा घेणे त्यांना रुचले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ जूनला सहा विरुद्ध तीन मतांनी ताबा बेकायदा ठरवला. ट्रुमन यांनी कारखाने लगेच परत केले आणि संप सुरू झाला.

या खटल्याचा दाखला देताना न्या. ह्यूगो ब्लॅक यांच्या मुख्य निकालावर थांबणे ही दुसरी चूक. पुढच्या पिढ्यांनी अधिक वापरले ते न्या. रॉबर्ट जॅक्सन यांचे सहमतीचे मत. काँग्रेसची संमती असेल तेव्हा अध्यक्षांचे बळ सर्वाधिक, काँग्रेस गप्प असेल तेव्हा ते संदिग्ध आणि तिच्या इच्छेविरुद्ध वागतील तेव्हा सर्वांत क्षीण, अशी मांडणी त्यांनी केली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे महान्यायवादी म्हणून याच जॅक्सन यांनी अध्यक्षांच्या अधिकारांची वकिली केली होती, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

‘महाभियोग झाला, म्हणजे पद गेले’ हेही खरे नाही. महाभियोग हा प्रतिनिधीगृहाने साध्या बहुमताने ठेवलेला आरोप असतो. पदच्युतीसाठी सिनेटमध्ये उपस्थित सदस्यांची दोन तृतीयांश मते लागतात. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९ व २०२१) यांच्यापैकी कोणीही दोषी ठरले नाही, आणि रिचर्ड निक्सन यांच्यावर तर महाभियोग झालाच नव्हता. वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांच्या टेप न्यायालयात सादर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै १९७४ रोजी आठ विरुद्ध शून्य मतांनी दिल्यावर पंधरवड्याच्या आसपास त्यांनी राजीनामा दिला.

ट्रम्प यांच्यावरील फौजदारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०२४ रोजी दिलेल्या निकालाचा ‘अध्यक्षांवर आता खटलाच चालणार नाही’ असा अर्थ लावणे ही त्याहून ताजी चूक. घटनेने केवळ अध्यक्षांकडेच सोपवलेल्या मूळ अधिकारांच्या वापराला पूर्ण संरक्षण मिळाले, इतर अधिकृत कृतींना संरक्षण आहे असे गृहीत धरले जाईल, पण ते खोडून काढता येऊ शकेल, आणि खासगी कृतींना ते नाही. निकाल व्यापक आहेच. तो आणखी फुगवण्याची गरज नाही.

शेवटी एक आवडते अवतरण. ‘मार्शल यांनी निकाल दिला आहे, आता त्यांनीच तो अमलात आणावा’ हे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांना उद्देशून असलेले वाक्य अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या तोंडी घातले जाते. (वरचे न्यायमूर्ती जॅक्सन वेगळे, नावांची ही गल्लतही होते.) चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या प्रदेशात जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत, असे सांगणारा तो निकाल १८३२चा, तर हे वाक्य छापील रूपात प्रसिद्ध झाले ते १८६४मध्ये, होरॅस ग्रीली यांच्या पुस्तकातून, म्हणजे जॅक्सन यांच्या निधनानंतर सुमारे दोन दशकांनी. शिवाय त्या निकालात अध्यक्षांना काही करायला सांगितलेच नव्हते. आदेश जॉर्जिया राज्याला होता, आणि त्या राज्याच्या कायद्याखाली तुरुंगात टाकलेले, या खटल्यातले धर्मोपदेशक सॅम्युएल वूस्टर १८३३च्या जानेवारीत तिथल्या गव्हर्नरांच्या माफीने सुटले.