शेलीचं चरित्र हातात घेतलं की आधी हॅरिएट शोधा

जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून माझी सगळी नोकरी जबाब उतरवून घेण्यात गेली. त्यामुळे चरित्र वाचतानाही कोण काय म्हणालं यापेक्षा कोणाचा जबाब घेतलाच नाही, तिकडे माझं लक्ष जातं. इंग्रज कवी शेलीबद्दलची पुस्तकं तर याच नजरेनं वाचावीत. त्याला डोक्यावर घेणारेही पुष्कळ, त्याच्या नावानं बोटं मोडणारेही पुष्कळ.

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. मागची सूची उघडा, हॅरिएट वेस्टब्रुक हे नाव काढा आणि थेट १८१४ सालावर या. ही शेलीची पहिली बायको. नास्तिकतेच्या पत्रकापायी ऑक्सफर्डनं काढून टाकलेला एकोणीस वर्षांचा शेली १८११ मध्ये सोळा वर्षांच्या हॅरिएटला घेऊन पळाला आणि एडिंबरात त्यांनी लग्न केलं. त्या लग्नाच्या कायदेशीरपणाबद्दल शंका राहू नये म्हणून २४ मार्च १८१४ ला लंडनमध्ये दोघांनी पुन्हा लग्न लावलं. २८ जुलैला शेली मेरी गॉडविनबरोबर (पुढे 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणारी ती हीच) फ्रान्सला निघून गेला. हॅरिएट तेव्हा गरोदर होती.

मधल्या चार महिन्यांत काय झालं, ते चरित्रकार कोणाच्या तोंडून सांगतो? एडवर्ड डाउडननं १८८६ मध्ये शेलीच्या कुटुंबानं दिलेल्या कागदपत्रांवरून मोठं चरित्र लिहिलं. कागद ज्यांच्या घरचे, त्यांची बाजू उजळ दिसायचीच. हॅरिएटनं अभ्यास सोडला, टोप्यांच्या दुकानांत रमली, बाळाला दाई ठेवली, अशी तिच्या अपराधांची यादी त्यात आहे. नवऱ्यानं घर सोडायला ही कारणं! मार्क ट्वेननं १८९४ मध्ये या यादीची जी उलटतपासणी केली ती जरूर वाचा, पण ट्वेन हा वकील आहे, न्यायाधीश नव्हे, हे ध्यानात ठेवून.

मग पीकॉकला किती जागा दिली आहे ते बघा. टॉमस लव्ह पीकॉक शेलीचा जिवलग मित्र, दोघांनाही ओळखणारा. पत्नी म्हणून हॅरिएटच्या वागण्यात काडीचाही दोष नव्हता, असं त्यानं ठामपणे लिहून ठेवलंय. ज्याचा साक्षीदार, त्याच्याच विरुद्ध गेलेली साक्ष वजनदार असते. ती तळटीपेत ढकलली असेल तर समजून जा.

उलट बाजूनंही तितकंच कडक राहा. १३ ऑगस्ट १८१४ ला शेलीनं फ्रान्समधल्या त्र्वाहून हॅरिएटला पत्र पाठवलं: तूही स्वित्झर्लंडला ये, तिथे तुला एक पक्का मित्र मिळेल. वाचून कपाळावर हात मारावासा वाटतो. पण हे पत्र निव्वळ निर्लज्जपणा म्हणून उडवून लावणारा चरित्रकार मला चालत नाही. शेलीला ते मनापासून वाटत होतं, हीच त्यातली भयंकर गोष्ट आहे. १८१५ मध्ये त्याला वर्षाला हजार पौंड मिळू लागले, त्यातले दोनशे त्यानं हॅरिएटला लावून दिले. शेलीवर दात असलेल्या लेखकाला हे आठवतं का, तेही तपासा.

सगळ्यात अवघड पानं डिसेंबर १८१६ ची. १० तारखेला हॅरिएटचा मृतदेह लंडनच्या सर्पेंटाइन तलावात सापडला. ती पुन्हा गरोदर होती. तिच्या शेवटच्या महिन्यांबद्दल शेलीनं मेरीला जे वाईटसाईट कळवलं, ती ऐकीव माहिती. चरित्रकार तिला पुरावा म्हणून वापरतो, की 'शेली असं म्हणतो' एवढंच लिहून थांबतो?

३० डिसेंबरला शेली आणि मेरीचं लग्न झालं. ही घाई सांगणाऱ्यानं तिचं एक कारणही सांगावं: हॅरिएटची मुलं ताब्यात मिळवण्याचा खटला समोर होता. मार्च १८१७ मध्ये न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी शेलीला मुलं द्यायला नकार दिला. त्यानंतर आयँथी आणि चार्ल्स ही पोरं कुठे, कोणाकडे वाढली, हेही लिहिणारा चरित्रकार भेटला तर ते पुस्तक उसनं आणू नका, विकत घ्या.