पशुवैद्यकीय तंत्रज्ञाचे काम : या चुका टाळा

सरकारी पशुदवाखाना असो, पणजी-मडगावातले पाळीव प्राण्यांचे खासगी क्लिनिक असो किंवा भटक्या कुत्र्यांसाठी काम करणारी संस्था असो, गोव्यात तंत्रज्ञ म्हणून रुजू झालेल्या माणसाला लोक थोड्याच दिवसांत ‘डॉक्टर’ म्हणू लागतात. सत्तरी, डिचोली, पेडणे या तालुक्यांत तर स्कूटरवर लसीचा डबा घेऊन वाड्यावर येणारा प्रत्येक जण डॉक्टरच असतो. ही हाक कानाला गोड लागते आणि पुष्कळ चुकांची सुरुवात तिथूनच होते. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 नुसार पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या साहाय्यकाला राज्य सरकारच्या परवानगीने लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा प्राथमिक स्वरूपाच्या सेवा देता येतात, आणि त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. रोगनिदान, औषध लिहून देणे आणि शस्त्रक्रिया ही पशुवैद्यकाची कामे आहेत. पाहणे, मोजणे, नोंदवणे, जनावर नीट धरणे आणि वेळेवर कळवणे हे तंत्रज्ञाचे काम होय. या लेखातील बहुतेक चुका मोजायच्या जागी अंदाज केल्याने घडतात.

लाळ गाळणाऱ्या गाईच्या तोंडात हात घालणे

ज्या चुकीने माणसाचा जीव जाऊ शकतो, ती आधी सांगितली पाहिजे. गाय दोन दिवस खात नाही, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत आहेत, हंबरण्याचा आवाज घोगरा झाला आहे, पाण्यात तोंड घालते पण घोट गिळता येत नाही. मालक सांगतो, “डॉक्टर, फणसाची आठळी अडकली असेल, जरा हात घालून बघा.” मे महिन्यात फणस पिकून खाली पडत असताना हे पटण्यासारखे वाटते, आणि घशात खरोखरच काही अडकल्याची जनावरेही दवाखान्यात येतातच. परंतु हीच लक्षणे रेबीजची असू शकतात, कारण त्या रोगात गिळण्याचे स्नायू लुळे पडतात आणि लाळ बाहेर वाहू लागते. अशा वेळी आधी हात घालणे आणि नंतर शंका घेणे हा क्रम घातक आहे.

योग्य क्रम असा. जनावर दोराने नीट बांधून ठेवावे, इतर गुरे आणि मुले दूर करावीत, गेल्या काही महिन्यांत वाड्यावर पिसाळलेले कुत्रे फिरत होते का आणि या गाईला ते चावले होते का हे विचारावे, मागचे पाय लटपटतात का आणि गाय वारंवार कुंथते का हे दुरूनच पाहावे, आणि तोंड न उघडता पशुवैद्यकाला फोन करावा. गाईला कोणी ढोसणी पाजली, कोणी चारा भरवला, कोणाच्या हाताला जखम होती, याची नावानिशी यादी त्याच वेळी करून ठेवावी. दुसऱ्या दिवशी लोकांना निम्मे आठवत नाही. लाळ जखमेला लागली असेल तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच आरोग्य केंद्र गाठावे. हळद किंवा चुना लावण्यात वेळ घालवू नये.

‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या सहकार्याने वर्षानुवर्षे चाललेल्या कुत्र्यांच्या लसीकरणानंतर 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याचा अर्थ ‘आता आपल्याकडे रेबीज नाही’ असा काढणारे तंत्रज्ञ भेटतात, तेव्हा नियंत्रण आणि निर्मूलन यांतला फरक त्यांना सांगावा लागतो. या कामात येणाऱ्या प्रत्येकाने प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि 21व्या किंवा 28व्या दिवशी. नोकरी देणारा ती देत नसेल तर मागून घ्यावी, आणि या बाबतीत संकोच करू नये.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत. हा रोग गोचिडांमार्फत पसरतो, म्हणून जनावराच्या अंगावरची गोचीड बोटांनी चिरडू नये, चिमट्याने काढावी. आणि पावसाळ्यात गोठ्यातल्या मूत्रमिश्रित पाण्यात उघड्या, चिरा पडलेल्या हातापायांनी काम करणे म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला वाट मोकळी करून देणे होय.

लस थंड आहे, एवढ्यावरच समाधान मानणे

लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची हे सर्वांना पाठ असते. चुका होतात त्या पुढच्या तपशिलांत. फ्रिजच्या दारात लस ठेवली तर दार उघडेल तेव्हा ती तापते, मागच्या पत्र्याला टेकवून ठेवली तर गोठते. गोठणे हे तापण्यापेक्षा निरुपद्रवी, असा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. लाळ्या-खुरकुताच्या लसीसारखी तैलयुक्त किंवा परिणाम वाढवणारे सहायक द्रव्य घातलेली लस एकदा गोठली की तिची रचना मोडते, आणि वितळून पूर्ववत दिसली तरी ती टाकून द्यावी लागते. त्यामुळे नेण्याच्या डब्यातही कुपी थेट बर्फावर ठेवू नये. बर्फाच्या पिशव्यांवर थोडे पाणी सुटू द्यावे आणि मध्ये कापड किंवा पुठ्ठा घालावा.

जून-जुलैमध्ये वादळवाऱ्याने वीज तासन् तास जाते. तेव्हा फ्रिज उघडून ‘अजून गार आहे ना’ हे हाताने तपासणे, हीच सर्वांत मोठी चूक. दार बंद ठेवावे, वीज गेल्याची आणि आल्याची वेळ लिहावी, वीज आल्यावर प्रथम तापमापीचा आकडा नोंदवावा आणि लस वापरावी की नाही हा निर्णय पशुवैद्यकावर सोपवावा. सकाळ-संध्याकाळच्या तापमानाच्या नोंदवहीत महिनाभर एकच आकडा एकाच शाईने लिहिलेला दिसला, तर ती वही शेवटच्या दिवशी बसून भरली आहे हे कोणालाही कळते.

ब्रुसेल्ला या गर्भपात घडवणाऱ्या आणि माणसालाही होणाऱ्या रोगाची एस-19 लस वेगळी काळजी मागते. ती जिवंत जंतूंची लस आहे. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना, आयुष्यात एकदाच द्यायची. गाभण गाईला किंवा नर वासराला ती देऊ नये. देताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि गर्भवती सहकाऱ्याला या कामावर पाठवू नये. सुई स्वतःला टोचली तर ‘काही होत नाही’ म्हणून घरी न जाता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लसीचे नाव सांगावे.

कृत्रिम रेतनात घाई करणे

गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी रेतन करावे, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम प्रशिक्षणात सगळे शिकतात, परंतु माज सकाळी सुरू झाला की मालकाने सकाळी पाहिला, हा प्रश्न विचारायचे राहून जाते. गाय दुसऱ्या जनावराला अंगावर उभी राहू देते का, सोट (माजावर योनीतून येणारा चिकट स्राव) कसा आहे, दूध घटले का, हे विचारल्याशिवाय गोठवलेल्या रेताचा कंटेनर उघडू नये.

कंटेनरमधल्या द्रव नायट्रोजनचे तापमान उणे 196 अंश सेल्सिअस असते. हवी ती स्ट्रॉ (रेताची बारीक नळी) शोधताना कॅनिस्टर, म्हणजे स्ट्रॉ ठेवण्याचा आतला डबा, कंटेनरच्या गळ्याबाहेर काढून धरला की त्यातल्या बाकीच्या सगळ्या स्ट्रॉंचे नुकसान होते, आणि ते नुकसान डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते काही महिन्यांनी, ‘या तंत्रज्ञाच्या हाताला यश नाही’ अशा शेऱ्याच्या रूपाने. कॅनिस्टर गळ्याच्या आत ठेवूनच स्ट्रॉ चिमट्याने काढावी, 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरावी, कोरडी पुसावी आणि लगेच वापरावी. ‘हाताला कोमट लागले म्हणजे झाले’ हे मे महिन्याच्या उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या हाताबद्दल तरी खरे मानू नये. पाच मिनिटे खर्चून तापमापी घालावी.

स्ट्रॉवरचा वळूचा क्रमांक आणि जात गाईच्या कानातल्या 12 अंकी बिल्ल्याच्या क्रमांकासमोर लिहिली नाही, तर पुढच्या पिढीत त्याच वळूचे रेत त्याच्या मुलीला जाण्याचा धोका राहतो. श्वेत कपिला ही गोव्याची नोंदणीकृत देशी गाय अंगाने लहान असते. तिच्या पहिलारू कालवडीला होल्स्टीनसारख्या थोराड जातीचे रेत मालकाच्या हट्टापायी घालणे मला पटत नाही, कारण नऊ महिन्यांनी अडलेल्या विताची धावपळ त्याच गोठ्यात करावी लागते. आणखी एक गोष्ट, जी अनुभवी माणसेही विसरतात: काही गाभण गाईही माजाची लक्षणे दाखवतात. मागच्या रेतनाची नोंद पाहावी, आणि शंका असल्यास गर्भाशयमुखापलीकडे नळी नेऊ नये.

मात्रेतला बिंदू

औषधाची मात्रा ठरवणे डॉक्टरांचे काम असले तरी सिरिंजमध्ये औषध ओढणारा हात बहुधा तंत्रज्ञाचा असतो. 10 किलोच्या कुत्र्याला किलोमागे 0.2 मिलिग्रॅम औषध द्यायचे असेल तर 2 मिलिग्रॅम लागते, आणि कुपीत दर मिलिलिटरला 5 मिलिग्रॅम असेल तर 0.4 मिलिलिटर. हेच कागदावर नुसते ‘.4’ असे लिहिले आणि गडबडीत बिंदू दिसला नाही, तर कुत्र्याला दहापट औषध जाते. बिंदूच्या आधी शून्य लिहिल्याशिवाय कागद स्वीकारायचा नाही, अशी पद्धत प्रत्येक दवाखान्यात असावी.

इन्सुलिनच्या बाबतीत तर दोन रंग डोक्यात पक्के बसवावे लागतात. आपल्याकडे इन्सुलिन 40 आणि 100 युनिट अशा दोन्ही तीव्रतांत मिळते. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी. 100 युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत घेतले तर प्रत्यक्षात 25 युनिट जातात, आणि चार किलोच्या मांजराला ते झेपत नाहीत.

वजन डोळ्यांनी करू नये. केसाळ कुत्रा भिजवला की त्याचे खरे अंग दिसते, तोवर फसगतच होते. काटा नसेल तर मालकाला कुत्र्यासह तोलावे आणि मालकाचे वजन वजा करावे.

‘नेहमीचेच खाल्ले’ हे उत्तर मान्य करणे

जनावर काय खाते हे घरातल्या ज्या माणसाला ठाऊक असते, तोच दवाखान्यात येतो असे नाही. घरधनी बोटीवर नोकरीला, कुत्रा आजीच्या ताब्यात, आणि क्लिनिकमध्ये घेऊन येतो शेजारचा मुलगा, असा प्रसंग गोव्यात नित्याचा आहे. अशा वेळी आजीला फोन लावावा. मांजराला ताप म्हणून घरातली पॅरासिटामॉल दिली का, कुत्र्यासाठी आणलेले गोचिडांचे औषध मांजराच्या मानेवर लावले का, हे थेट नाव घेऊन विचारावे. पॅरासिटामॉल आणि गोचिडांच्या अशा औषधांत असणारे परमेथ्रिन ही दोन्ही मांजराला विषासमान आहेत. चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) पोट फुगलेली गाय आली, तर उरलेला भात किती घातला हा पहिला प्रश्न असावा, कारण एकदम पोटात गेलेल्या भाताने पोटात आम्ल वाढते आणि गाय दिवसभरात आडवी पडू शकते. “थोडासा” या उत्तरावर न थांबता घमेले होते की वाटी, हे विचारावे.

रक्ताच्या नमुन्यावर नाव त्याच क्षणी, जनावराशेजारी उभे राहून लिहावे. गोव्यात टायगर नावाचे कुत्रे इतके आहेत, की नावासोबत मालकाचे आडनाव आणि तारीख नसेल तर ती नळी कोणाचीही असू शकते. जांभळ्या टोपणाच्या (रक्त गोठू न देणारे द्रव्य असलेल्या) नळीत खुणेइतकेच रक्त घ्यावे आणि नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करावी. जोराने हलवली तर रक्तपेशी फुटतात, न हलवली तर गुठळी होते, आणि गोचीडतापाचा संशय असताना प्लेटलेटचा आकडा खोटा निघतो.

टाके घातले म्हणजे काम संपले असे समजणे

भुलेखालच्या जनावरांचे बरेचसे मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होतात, नेमके तेव्हा सगळे जण चहाला गेलेले असतात. निर्बीजीकरणाच्या शिबिरात हे विशेष घडते. कुत्रा मान उचलून छातीवर बसेपर्यंत कोणीतरी एकाने त्याच्याजवळ थांबावे, ठरावीक अंतराने श्वास, हिरड्यांचा रंग आणि गुदद्वारातले तापमान लिहावे, आणि ओल्या फरशीवर न झोपवता खाली पोते किंवा चादर घालावी. बाहेर घाम फुटत असला तरी भुलेतल्या कुत्र्याचे अंग गार पडते. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याच्या श्वासनलिकेतली नळी काढण्याची घाई तर मुळीच करू नये. याच जातींना तपासणीच्या वेळी, उकाड्यात धापा टाकत असताना, घट्ट मुसके बांधणेही धोक्याचे आहे.

केटामिन हे भुलेचे औषध कुलपात असावे आणि त्याची नोंद मिलिलिटरच्या अंशापर्यंत जुळावी. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण चढवू नये. ती थेट पांढऱ्या, न टोचता येणाऱ्या डब्यात जावी. 2016 चे जैववैद्यकीय कचरा नियम पशुदवाखान्यांनाही लागू आहेत.

इतके करूनही चुकीचे औषध किंवा चुकीची मात्रा गेली, तर वाट पाहत बसू नये. औषधाचे नाव, किती, कोणत्या मार्गाने आणि किती वाजता हे लिहून लगेच डॉक्टरांना सांगावे. नोंदवहीतला जुना आकडा गिरवून बदलू नये. त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी खरा आकडा आणि सही करावी. मालकाशी बोलण्याचे काम डॉक्टरांकडे ठेवावे, आणि ज्या कुपीतून औषध घेतले ती डॉक्टरांनी पाहीपर्यंत कचऱ्यात टाकू नये.