ट्रेनमध्ये शेजारी आंग्रे निघाले तर काय बोलायचं

प्रवासात शेजारचे काका सहज बोलून गेले की "आम्ही कान्होजींच्या घराण्यातले" (म्हणजे मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे), तर लगेच सेल्फीसाठी मोबाईल काढू नका राव. आधी गाव विचारा, मग शाखा, कारण आडनाव सेम म्हणजे वंशज असं काही नसतं. कान्होजी १७२९ ला गेले, पुढे संभाजी आणि मानाजी या भावांचं फाटलं आणि एक गादी कुलाब्याला (अलिबागचा, मुंबईतला नव्हे), एक विजयदुर्गाला झाली, त्यामुळे "काका, कुलाबा की विजयदुर्ग?" एवढं विचारलंत तरी समोरचा खुलतो, मग पनवेल कधी गेलं कळतही नाही.

१७५६ ला पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन तुळाजींचा (हे संभाजी-मानाजींचे भाऊ) विजयदुर्ग घेतला, हा विषय पहिल्याच भेटीत नको. (तुमचं आडनाव जोशी-गोखले असेल तर अजिबातच नको.)

"दत्तक शाखा का?" असंही तोंडावर विचारू नये, झाशीच्या राणीचे दामोदररावसुद्धा दत्तकच होते की.

घरी मोडी कागद आहेत म्हणाले तर लॅमिनेशन करू नका एवढं नक्की सांगा, आणि वाचून हवे असतील तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करायला सांगा. नंबर मात्र त्यांनी दिला तरच घ्या.