गालिचा झटकायचा की धुवायचा?

आमच्या भुसावळच्या घरात उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावल्या तरी काळ्या मातीची धूळ गालिच्यात बसतेच. म्हणून पाणी लावण्याआधी तो दोरीवर उलटा टाकून झोडपा. धूळ भिजली की चिखल होऊन तळाशी चिकटते. मग पांढरं फडकं ओलं करून एका कोपऱ्यावर दाबून धरा. रंग उतरला, तर घरी धुवूच नका.

सुती सतरंजी पक्क्या रंगाची असेल तर खुशाल बादलीत बुडवा. लोकरीला मात्र गार पाणी, सौम्य साबण आणि सावली. सासूबाईंचं लोकरीचं आसन मी गरम पाण्यात घातलं होतं; चांगलं वीतभर आटलं, अजून हळहळ वाटते. तागाला फक्त ब्रश, पाण्याने तपकिरी डाग पडतात.

चहा सांडला तर घासू नका, टिपून घ्या. पावसाळ्यात धुणं टाळाच, आत ओल राहून कुबट वास येतो.