फळं घरात येतात, पण खाल्ली जात नाहीत? असं करून बघा

आपल्याकडे पिशवीभर फळं घेतली जातात ती कुणाला दवाखान्यात भेटायला जाताना, नाहीतर उपवासाला. (आणि उपवासालाही खरा जीव साबुदाण्याच्या खिचडीतच!) हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी रोज १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. म्हणजे चौघांच्या घराला आठवड्याला, साल-बिया धरून, साडेतीन-चार किलो. एवढं जमण्यासारखं आहे.

१. आधी मोसम बघा. पावसाळा सरताना सीताफळ, थंडीत बोरं, पेरू, संत्री, फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं, उन्हाळ्यात कलिंगड. मोसमातलं फळ स्वस्त असतं आणि चवीलाही खरं. परदेशी सफरचंद खाल्लं म्हणजेच फळ खाल्लं, असं काही नाही.

२. पेटीच्या मोहात पडू नका. घाऊक बाजारात भाव कमी पडतो, पण अर्धा माल घरी सडला तर तोच महाग. शेजारच्या दोन घरांत वाटून घेणार असाल तरच मार्केट यार्ड गाठा. नाहीतर नेहमीचा हातगाडीवाला बरा, आठवड्यातून दोनदा.

३. हात लावून निवडा. सीताफळाचे डोळे उघडलेले आणि मधल्या रेघा पिवळसर दिसल्या की ते एक-दोन दिवसांत पिकतं. डोळे मिटलेलं, घट्ट असेल तर ते नुसतंच काळं पडण्याची भीती. मोसंबी नि डाळिंब हातात जड लागलं पाहिजे. कलिंगडाचा जमिनीला टेकलेला डाग पिवळा हवा, पांढरा नको. विक्रेत्याला सरळ सांगा, “दोन आजची, दोन परवाची, दोन त्यानंतरची द्या.” सगळी एकाच दिवशी पिकली की हमखास वाया जातात.

४. पिकलेली केळी इतर फळांपासून लांब ठेवा. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारची फळंही लवकर पिकतात. कच्चं सीताफळ लवकर हवं असेल तर मात्र मुद्दाम केळ्याशेजारी ठेवा.

५. सगळ्यात महत्त्वाचं: कापून समोर ठेवा. फ्रीजच्या खालच्या कप्प्यातला पेरू स्वतःहून कुणी काढत नाही. तोच फोडी करून, वर तिखट-मीठ भुरभुरून, मुलं शाळेतून येतात त्या वेळी टेबलावर ठेवा. वाटी रिकामी होते. रस मात्र काढत बसू नका. चोथा गाळण्यातच राहतो.

जास्त पिकलेल्या केळ्यांचं शिकरण. फार मऊ झालेल्या सीताफळाचा गर बिया काढून गार दुधात घाला. साखर चाखून बघितल्याशिवाय घालू नका, बहुतेक वेळा लागतच नाही.