रात्रपाळीत लहान मूल येण्याआधी

कॅज्युअल्टीचा चार्ज घेताना मी रजिस्टरच्या आधी वजनकाट्याकडे जाते. नव्या सिस्टर हसतात. पण ग्रामीण रुग्णालयात एवढी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळलीय: मोठ्या माणसाला 'एक अ‍ॅम्प्यूल द्या' म्हणून भागतं, मुलाला नाही. त्याचं जवळपास प्रत्येक औषध किलोवर ठरतं, आणि किलो माहीत नसेल तर डॉक्टर कितीही हुशार असोत, अंदाजानेच चालतात.

तेव्हा काटे दोन हवेत, एक तान्ह्यांचा आणि एक उभं राहायचा. दोन्हींचे सेल बघायचे, शून्य बघायचं, आणि सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या काट्यावर ठेवायच्या. काटा किलोच्या जरासा वर गेला म्हणजे ठीक. मूल उभं राहत नसेल तर आईला त्याच्यासकट उभं करायचं आणि मग आईचं एकटीचं वजन वजा करायचं. झटके चालू असताना तेवढीही सवड नसते. अशा वेळी वयात चार मिळवून दुप्पट करा: तीन वर्षांचं मूल 14 किलो. हा हिशेब एक ते दहा वर्षांसाठी आहे आणि पाड्यांवरच्या आमच्या पोरांना तो बऱ्याचदा जास्तच धरतो, म्हणून दंड-मांड्या बघून आकडा खाली आणायचा. ठरलेलं वजन केसपेपरच्या डोक्यावर मोठ्या आकड्यात लिहून त्याला गोल करायचा.

त्या आकड्याला जोड म्हणून भिंतीवर तक्ता हवा: 5, 10, 15, 20, 25 किलो, आणि प्रत्येकाखाली थेट मिलिलिटर. रात्री तीन वाजता गुणाकार करायला लावू नये कुणाला. आमच्या तक्त्यात 10 किलोच्या रकान्यात असं आहे: अ‍ॅलर्जीने श्वास कोंडला तर अ‍ॅड्रेनलिन 0.1 मिली मांडीच्या स्नायूत, झटक्यांना मिडाझोलाम नाकातून 2 मिलिग्रॅम, साखर उतरली असेल तर 10 टक्के ग्लुकोज 50 मिली शिरेतून. नाकातल्या स्प्रेचा एक फवारा किती मिलिग्रॅमचा, हे कंपनीगणिक बदलतं; नवी बाटली आली की लेबल वाचून तक्त्यात दुरुस्ती करा आणि डॉक्टरांची सही घ्या. ग्लुकोज स्टोअरमधून 25 टक्क्यांचं येतं. 20 मिली ग्लुकोज आणि 30 मिली डिस्टिल्ड वॉटर मिळून 10 टक्क्यांचं 50 मिली होतं, हेही तिथेच लिहून ठेवा.

साखरेवरून आठवलं. पूर्वी मी एका ठिकाणी होते, तिथे बेशुद्ध मूल आलं. ग्लुकोमीटर होतं, पट्ट्याही होत्या, पण डबीवरची तारीख चार महिने मागची. मशीन नुसतं 'एरर' दाखवत राहिलं आणि आम्ही डब्या शोधत राहिलो. तेव्हापासून पट्टीची तारीख मी हाताने लिहून मशीनच्या पाठीला चिकटवते.

मग मुलांच्या सामानाचा कप्पा. अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, मुलांची वेगळी, तान्ह्यांची वेगळी, आणि मास्कचे सगळे आकार. मास्कने नाक-तोंड झाकलं पाहिजे, डोळे नाहीत. बॅग तळव्यावर दाबून बघा, फुटकी असेल तर हवा कडेने निसटते. शिरेत घालायची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, पिवळी आणि निळी, चिकटपट्टी आधीच कापलेली. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघा. पल्स ऑक्सिमीटरचा मोठ्यांचा चिमटा बाळाच्या बोटावर भलतेच आकडे दाखवतो. गुंडाळायचा प्रोब मागवा. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच बांधा, वॉर्डबॉय मामांच्या खिशात नको.

आमच्या भागात पावसाळ्यात विंचू आणि साप. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवलं, 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्रा किलोला 30 मायक्रोग्रॅम, तोंडाने. साधी गोळीच ठेवा, हळूहळू विरघळणारी नको. गोळी दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं, उभं केलं तर बीपी कोसळतं. साप मात्र वजनाचा सगळा नियम मोडतो. घोणस मुलाला चावली म्हणून कमी विष सोडत नाही, म्हणून सर्पविषावरच्या लसीची मात्रा मुलाला मोठ्यांइतकीच. हे नवीन माणसाला दोनदा सांगावं लागतं, कारण हात आपोआप कमी करायला जातो. रक्त गोठतंय का बघायला काचेची कोरडी, नवी टेस्टट्यूब हवी. प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. 2 मिली रक्त घालून 20 मिनिटं हलवायचं नाही. म्हणून घड्याळही चालू हवं. आमचं दोनदा बंद सापडलंय.

सलाईन धो धो सोडायची सवय जरा आवरा. 2011 साली युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांहून जास्त मुलांवरच्या अभ्यासात भराभर सलाईन दिलेली मुलं जास्त दगावली होती. जुलाबाने सुकलेल्या मुलाची गोष्ट वेगळी, कुपोषित मुलाची आणखी वेगळी. डॉक्टरांना विचारून, बाटलीवर वेळेच्या खुणा करून लावा.

दारावरच्या वॉचमनला आणि केसपेपरच्या खिडकीवरच्यालाही यात घ्या. धाप लागलेलं, झटके येणारं, हाक मारल्यावर डोळे न उघडणारं मूल आधी आत, केसपेपर मागून. मोठ्याने रडणारं पोर थांबू शकतं, आईच्या खांद्यावर गप्प लोंबकळणारं नाही.

आणि पुढे पाठवायचं ठरलं तर 108 ची गाडी येईपर्यंत जिल्हा रुग्णालयाला फोन करून वय, वजन आणि काय दिलं ते सांगा. चिठ्ठीवर औषधासमोर वेळ हवी. आईला आत बाळाच्या डोक्याशी बसवा, बापाला ड्रायव्हरशेजारी.